गोषवारा : विद्वत्परिषदेच्या दारातील पहिले पाऊल

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थी-गौरवाचा समारंभ आताच पार पडला. पूर्वी ह्या व्यासपीठावर शालान्त परीक्षेच्या गुणवंतांची नावे वाचली जात आणि त्यातच आपणांस धन्यता वाटे. आज वाचलेल्या नावांत विद्यापीठांतून संशोधन करणारी मुले आहेत, मुली आहेत आणि लग्नानंतर संसार सांभाळून प्रबंधाचे काम चालविणाऱ्या सुनाही आहेत. ही मोठ्या समाधानाची गोष्ट होय. ह्या तरुण मंडळींच्या उपयोगी पडेल असे काही बोलावे, अशी सूचना कार्यवाहांनी केली, म्हणून विद्वत्परिषदेकडे निबंधाचा प्रस्ताव कसा पाठवावा हा विषय मी निवडला आहे. परिषदांकडे आलेले प्रस्ताव तपासण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. त्या अनुभवाचाच मला आधार आहे.

विषय थोड्यांचा आहे, मग सगळ्या कुटुंबांसमोर तो कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण असे की, ह्या बाबतीतील अडचण पुष्कळदा मुलांच्या बुद्धीत नसते, घरातील समजुतीत असते. 'तेथे आपले कोण आहे? मोठ्यांच्या ओळखीवाचून आपल्याला कोण बोलावणार?' हे उद्गार मी सुशिक्षित घरांतूनही ऐकले आहेत. निमंत्रणाची वाट पाहत बसणारा मुलगा वाट पाहतच राहतो. विद्वत्परिषदेचे दार सामान्यतः निमंत्रणाने उघडत नाही. तेथे आपण होऊन अर्ज करावयाचा असतो, आणि तो अर्ज म्हणजे एका पानाचा गोषवारा. एवढी एक गोष्ट आज आपण घरी घेऊन गेलात तरी माझे काम झाले.

प्रथम ह्या परिषदांची थोडी हकीकत सांगतो. पौर्वात्य विद्यांचा अभ्यास करणाऱ्या पंडितांची आंतरराष्ट्रीय परिषद १८७३ साली पॅरिस येथे पहिल्याने भरली. दुसरे अधिवेशन १८७४ साली लंडनला झाले. त्यासाठी रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर निबंध पाठविला. ते स्वतः जाऊ शकले नाहीत, परंतु निबंध गेला आणि परिषदेच्या वृत्तांतात छापला गेला. पुढे १८८६ साली व्हिएन्नाच्या अधिवेशनास ते प्रत्यक्ष उपस्थित राहिले. आधी कागद गेला, मागाहून माणूस गेला, हा क्रम तरुणांनी ध्यानात ठेवावा.

दुसरे उदाहरण लोकमान्य टिळकांचे आहे. वेदांच्या काळासंबंधीचे आपले संशोधन त्यांनी लंडनच्या १८९२ च्या प्राच्यविद्या परिषदेसाठी निबंधरूपाने लिहिले. मृगशीर्ष नक्षत्रात वसंतसंपात होता त्या काळाचे उल्लेख वैदिक वाङ्मयात सापडतात आणि तो काळ ख्रिस्तपूर्व चार हजार वर्षांच्या सुमाराचा ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. निबंध इतका विस्तृत झाला की परिषदेच्या वृत्तांतात तो मावेना. तेथे केवळ त्याचा सारांश घेतला गेला. संपूर्ण विवेचन १८९३ साली 'ओरायन' ह्या इंग्रजी ग्रंथाच्या रूपाने बाहेर पडले. हर्मन याकोबी ह्या जर्मन पंडितानेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशाच स्वरूपाचा निष्कर्ष मांडला होता. टिळकांचे सगळे निष्कर्ष आज विद्वानांस मान्य आहेत असे नाही. पण मांडणी अशी होती की ती थोडक्यातही सांगता आली आणि ज्याला वाद घालावयाचा त्याला तो घालता आला. टिळकांसारख्या माणसालाही सारांशाच्या मापात बसावे लागले, तेथे आपण शब्दमर्यादेची तक्रार करू नये.

आपल्या देशातही ह्या परंपरेने लवकरच मूळ धरले. इंडियन सायन्स काँग्रेसचे पहिले अधिवेशन जानेवारी १९१४ मध्ये कलकत्त्यास आशुतोष मुखर्जींच्या अध्यक्षतेखाली झाले. त्यात अवघे ३५ निबंध होते. नोव्हेंबर १९१९ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या पुढाकाराने अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद पुण्यास भरली. १९३५ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या विद्यमाने पुण्यातच इतिहास परिषद झाली, आणि तिच्यातूनच पुढे इंडियन हिस्टरी काँग्रेस वाढली. म्हणजे ह्या संस्था आपल्या घरापासून दूर नाहीत. त्यांतील काहींचा जन्मच आपल्या अंगणात झाला आहे.

आता प्रत्यक्ष रीतीकडे वळू. परिषद भरावयाच्या कित्येक महिने आधी तिचे आवाहनपत्रक निघते. त्यात परिषदेचा विषय, उपविषय, गोषवाऱ्याची शब्दमर्यादा, पाठविण्याची अखेरची तारीख, सभासदत्वाची अट आणि शुल्क ही माहिती असते. हे पत्रक मनीऑर्डरच्या पावतीसारखे एकदा पाहून ठेवून द्यावयाचे नसते, खरेदीखतासारखे ओळीओळीने वाचावयाचे असते. काही परिषदा आधी गोषवारा मागवितात आणि तो मान्य झाल्यावर संपूर्ण निबंध घेतात. काहींना दोन्ही एकदम हवे असतात. काही ठिकाणी आधी सभासद व्हावे लागते. शब्दमर्यादा बहुधा अडीचशे-तीनशेच्या आसपास असते. ती ओलांडलेला प्रस्ताव न वाचताच बाजूला ठेवला गेला, तर दोष परीक्षकांचा नव्हे.

पुष्कळ परिषदांत गोषवारा परीक्षकांकडे जाताना लेखकाचे नाव काढून घेतलेले असते. परीक्षकाला आडनाव दिसत नाही, गाव दिसत नाही, वडिलांचा हुद्दा दिसत नाही. ज्यांच्यामागे कोणी मोठे माणूस उभे नाही अशा मुलांना ह्याहून अधिक न्याय्य व्यवस्था क्वचितच मिळेल. ही व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. परीक्षकही माणसेच आहेत आणि काही परिषदांत नावे झाकलेली नसतात. तरीही आपल्याकडील पुष्कळ व्यवहार ज्या वशिल्यावर चालतात, त्याचे येथे बरेचसे चालत नाही. तेथे बोलतो तो केवळ कागद.

मग त्या कागदावर काय असावे? गोषवारा हा शब्द आपल्या घरात नवा नाही. आपल्या वडिलांच्या वह्यांत वर्षभराच्या जमाखर्चाचा गोषवारा अखेरच्या पानावर असे. त्यात 'यंदा व्यापाराविषयी काही विचार केला आहे' असे कोणी लिहीत नसे. आले किती, गेले किती, शिल्लक काय, हेच असे. संशोधनाच्या गोषवाऱ्याचे धोरणही तेच. त्यात चार प्रश्नांची उत्तरे हवीत : प्रश्न कोणता, आधार कोणता, तपासले कसे, आणि हाती काय लागले. पाचवी गोष्ट प्रामाणिकपणाची. आपल्या निष्कर्षाची मर्यादा कोठवर, हेही एका वाक्यात सांगावे.

माझ्याकडे आलेल्या प्रस्तावांत सर्वांत मोठा दोष हाच आढळे की, लेखक विषयाची थोरवी सांगण्यात पान संपवी. 'महाराष्ट्राच्या इतिहासात अर्थकारणाला अनन्यसाधारण महत्त्व आहे' येथून आरंभ, आणि 'ह्या सर्व बाबींचा ऊहापोह प्रस्तुत निबंधात केला जाईल' येथे शेवट. मधल्या भागात लेखकाने स्वतः काय पाहिले ह्याचा पत्ता नाही. असा प्रस्ताव नाकारताना परीक्षकाला वाईट वाटते, कारण ह्या माणसापाशी कदाचित उत्तम सामग्री असेल, परंतु ती त्याने दाखविलीच नाही.

एक कल्पित नमुना घेऊ. समजा, आपल्यापैकी एखाद्या घरात माळ्यावर मोडी लिपीतील देवघेवीच्या वह्या आहेत आणि त्या घरातील मुलगी इतिहासाचा अभ्यास करते. पार्श्वभूमी आपणांस ठाऊक आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दख्खनच्या दंग्यांस आरंभ झाला आणि कर्जबाजारी शेतकऱ्यांनी सावकारांकडील खते व रोखे जाळले. पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. १८७९ साली सरकारने दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. ह्या मुलीने आपल्या निबंधास 'एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रातील सावकारी' असे नाव दिले, तर तो विषय एका जन्मात पुरा होणार नाही. 'कायद्याआधी आणि कायद्यानंतर : एका सावकारी घराण्याच्या खातेवह्या, १८७० ते १८९०' असे दिले, तर परीक्षकाला स्थळ, काळ आणि पुरावा शीर्षकातच कळतो. मग तिचा गोषवारा असा होऊ शकेल :

'दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यानंतर सावकारांनी कर्ज देण्याची रीत बदलली काय, हा प्रस्तुत निबंधाचा प्रश्न आहे. त्यासाठी एका घराण्याच्या वीस वर्षांच्या मोडी खातेवह्या तपासल्या आहेत. प्रत्येक कर्जाची रक्कम, तारण, व्याज आणि फेड ह्यांचे कोष्टक करून १८७९ पूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदींची तुलना केली आहे. कायद्यानंतर ह्या वह्यांत साध्या रोख्यावरील कर्जे कमी झालेली आणि जमीन लिहून घेण्याचे व्यवहार वाढलेले दिसतात. हा पुरावा एकाच घराण्याचा असल्याने तो साऱ्या दख्खनास लागू करता येणार नाही. परंतु सरकारी अहवालांतील विधाने पडताळून पाहण्यास तो उपयोगी पडेल.'

नमुना कल्पित आहे, तेव्हा त्यातील निष्कर्ष कोणी खरा धरू नये. मांडणी मात्र पाहावी. सगळी वाक्ये मिळून एक पान भरत नाही, तरी प्रश्न, आधार, रीत, निष्कर्ष आणि मर्यादा ह्या पाचही गोष्टी त्यात आल्या. एकही विशेषण वाया गेले नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्यानेही हाच साचा वापरावा. त्याच्याकडे वह्यांच्या जागी प्रयोगातील मापने असतील, इतकाच फरक.

आणखी काही व्यवहाराच्या सूचना थोडक्यात करतो. काम निदान इतके झालेले असावे की निष्कर्षाचे वाक्य खरेपणाने लिहिता येईल. पुढे करीन अशा भरवशावर निष्कर्ष लिहू नये. एकच निबंध एकाच वेळी दोन परिषदांना पाठविण्यापूर्वी दोघींचे नियम पाहावेत. मार्गदर्शकांना दाखवावे, आणि त्याखेरीज आपला विषय नसलेल्या एका सुज्ञ माणसासही वाचावयास द्यावे. त्याला प्रश्न कळला नाही, तर परीक्षकालाही तो कळेलच असे नाही. अलीकडे संगणकास सांगून गोषवारा लिहवून घेण्याची सोय झाली आहे. कित्येक परिषदा अशी मदत घेतल्यास तसे नमूद करावयास सांगतात. नियम असो वा नसो, आपण जे तपासले नाही ते वाक्य आपल्या नावाने जाऊ देऊ नये. भाषेची भीतीही बाळगू नये. परीक्षकाला अलंकारिक इंग्रजी नको असते, साधे आणि निश्चित इंग्रजी हवे असते. मराठीतून निबंध स्वीकारणाऱ्याही परिषदा आहेत.

प्रस्ताव मान्य झाला तर बोलावयास पंधरा-वीस मिनिटे मिळतात. काही वेळा भित्तिपत्रक लावून त्याच्यापाशी उभे राहावयाचे असते. त्यात कमीपणा मानू नये, कारण तेथे एकेक जाणकार माणूस थांबून निवांत प्रश्न विचारतो. प्रस्ताव नाकारला गेला तर घरात सुतक पाळू नये. चांगल्या परिषदांतून पुष्कळ प्रस्ताव परत येतात. परीक्षकांचे अभिप्राय आले असतील, तर ते फुकट मिळालेले शिक्षण आहे. दुरुस्त करून दुसरीकडे पाठवावे.

येथे एक धोक्याची सूचना पालकांसाठी. परिषदेच्या नावाखाली केवळ शुल्क गोळा करणारे लोक आज देशात आणि परदेशांत पुष्कळ झाले आहेत. त्यांचे पत्र फार गोड असते. 'आपली थोर विद्वत्ता ऐकून आम्ही आपणांस पाचारण करीत आहो' अशी भाषा असते, दोन दिवसांत स्वीकृती येते आणि तिसऱ्या दिवशी पैशाची मागणी. २००५ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेच्या तीन विद्यार्थ्यांनी संगणकाकडून निव्वळ निरर्थक वाक्यांचा एक निबंध तयार करविला आणि फ्लोरिडात भरावयाच्या एका परिषदेकडे पाठविला. तो स्वीकारला गेला! विद्यार्थ्यांनी ही गोष्ट जाहीर केली तेव्हा मोठा हशा झाला. म्हणून पैसे भरण्यापूर्वी परिषद कोणत्या संस्थेची, परीक्षक कोण, मागील अधिवेशनांचे वृत्तांत कोठे आहेत, हे मार्गदर्शकांस विचारावे. मुलीचे स्थळ पाहताना आपण जितकी चौकशी करतो, तिच्या निम्मी केली तरी फसगत टळेल.

आता जरा अवघड गोष्टीकडे येतो. वर सांगितलेल्या नमुन्यातील मुलगी उद्या खरोखरच आपल्यापैकी एखाद्या घरात उभी राहिली आणि म्हणाली, 'आजोबा, माळ्यावरच्या वह्या मला पाहावयाच्या आहेत,' तर आपण काय उत्तर देणार? वह्यांत पूर्वजांचे दानधर्म असतील, विहिरी बांधल्याच्या नोंदी असतील. त्याच वह्यांत एखाद्या दुष्काळी वर्षी कोणाचे शेत कोणत्या व्याजापोटी आपल्याकडे आले, हेही असेल. पहिले पान छापावे आणि दुसरे झाकावे, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. आपल्या स्मरणिकांतूनही आपण ज्ञातीच्या उत्पत्तीच्या आणि पराक्रमाच्या कथा मोठ्या आवडीने छापतो. त्या कथांना पुरावा काय, असे आपल्याच एखाद्या मुलाने विचारले, तर त्याला उद्धट म्हणावयास आपण वेळ लावत नाही.

बंधूंनो, परिषदेत निबंध पाठविणे म्हणजे आपले विधान परक्यांच्या तपासणीस देणे. ज्या समाजाला ही तपासणी नको असते, त्याच्या इतिहासाला त्याच्या सभागृहाबाहेर कोणी विचारीत नाही. आपल्याविषयी बाहेरच्यांनी काहीही लिहिले की आपण निषेधाचे ठराव करतो, पण त्याला उत्तर देऊ शकणारे कागद आपल्याच माळ्यावर वाळवीच्या तोंडी देतो. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती. ती सहज वाचणारे वडीलधारे आता घराघरांतून नाहीसे झाले आहेत. कागद आणि वाचणारा ह्यांची गाठ पडण्यास फार वेळ उरलेला नाही. पूर्वजांची कीर्ती एवढी नाजूक नसावी की नातीने हिशेब वाचल्याने तिला तडा जावा. उलट ज्यांनी आपला हिशेब पैपैसकट लिहून ठेवला, त्यांचा मान तो हिशेब वाचण्यातच आहे.

ह्यास्तव मंडळाच्या कार्यकारिणीपुढे मी तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, ज्यांचा प्रस्ताव मान्यवर परिषदेत स्वीकारला गेला असेल, अशा संशोधकास प्रवासखर्चासाठी साहाय्य देणारा एक लहानसा निधी असावा. त्यासाठी अट एकच असावी, ती स्वीकृतिपत्राची. निबंधाचा निष्कर्ष मंडळाला रुचतो की नाही, हा विचार त्यात येऊ नये. दुसरी, घराघरांतील जुन्या वह्या, पत्रे आणि सनदा ह्यांची यादी करावी, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि ती सर्व अभ्यासकांस, मग ते आपल्या ज्ञातीचे असोत वा नसोत, पाहू द्यावीत. तिसरी, परिषदेस जाणाऱ्या मुलामुलींनी आधी मंडळाच्या सभागृहात आपला निबंध पंधरा मिनिटांत वाचून दाखवावा आणि आपण श्रोत्यांनी प्रश्न विचारावेत. त्यांची भीड चेपेल आणि आपणांसही पुरावा मागण्याची व ऐकून घेण्याची सवय लागेल.

तरुण मित्रांनो, आपल्यामागे कोणी नाही म्हणून मागे राहू नका. आपण जे पाहिले ते नेमके सांगता येत असेल, तर एक कोरे पान आणि अडीचशे शब्द पुरेसे आहेत. आणि वडीलधाऱ्यांनो, ते पान लिहिण्यास लागणारी सामग्री आपल्यापाशी आहे. तिच्यावरील कुलूप तेवढे काढा.